पायाला सूज नव्हती, तरी अहवालात ‘दाह’ : ३१ व्या आठवड्यातलं बाळंतपण

गोदाकाठची (इंदिरानगर)
मंगळवार, रात्री ११:१०

माझी लेक परवा सात महिन्यांची झाली. दिवस भरून जन्मली असती तर आता जेमतेम पाच महिन्यांची असती. एप्रिलमध्ये ३० आठवडे ५ दिवसांवर झाली, वजन १४२० ग्रॅम. ३८ दिवस आम्ही दवाखान्याच्या जिन्यावर काढले. आता ती पालथी पडून मान उचलून बघते, आणि ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं.

काल लसीकरणाचं कार्ड शोधताना फाइलमध्ये वारेचा तपासणी अहवाल सापडला. त्यावर दोन शब्द आहेत, ‘कोरिओअम्निओनायटिस’ आणि ‘फ्युनिसायटिस’. नवऱ्याने शोधून अर्थ सांगितला, बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीच्या आवरणाचा दाह आणि नाळेचा दाह. घरी सोडताना हा कागद कुणी समजावला नव्हता. आम्हीही तेव्हा बाळाच्या वजनापलीकडे काही विचारलं नव्हतं.

सात महिने घरात कारणं शोधणं चालू आहे. पपई खाल्ली, स्कूटी चालवली, डोहाळजेवणात दृष्ट लागली. सासूबाई वाईट मनाने बोलत नाहीत, त्यांना कारण हवं आहे. मलाही हवं आहे.

जे आठवतं ते लिहिते. ताप नव्हता. पायाला सूज नव्हती. मार्चअखेर उन्हाळी लागली होती, लघवीला जळजळ व्हायची. धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा घेतला, चार दिवसांत बरं वाटलं, तपासणी केली नाही. एप्रिलमध्ये दोन दिवस कंबर भरून यायची आणि सुटायची, परत भरून यायची. अंबडला ऑफिसात दिवसभर खुर्चीत असते, वाटलं त्यानेच. आतले कपडे ओलसर लागायचे, वाटलं लघवी सांडत असेल. तिसऱ्या दिवशी पहाटे ओट्याशी चहाचं आधण ठेवत होते आणि पाय भिजले.

नाव घातलं होतं त्या दवाखान्यात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष नव्हता. एक इंजेक्शन देऊन त्यांनी दुसरीकडे पाठवलं. द्वारका चौकाच्या गर्दीत अँब्युलन्स अडकली तेव्हा मी नुसती घड्याळाकडे बघत होते. लेक त्याच संध्याकाळी झाली.

हा दाह आला कुठून? बाळ लवकर होण्याशी त्याचा नेमका संबंध काय? जाणकारांनी सोपं करून सांगावं. आणि मी वेगळं काही केलं असतं तर?

---

उंबरठा
मंगळवार, रात्री ११:३२

ताई, माझंही ३३ व्या आठवड्यात झालं होतं, सिडकोत. पाच वर्षं झाली. अहवाल मागायचा असतो हेच माहीत नव्हतं. वाचते आहे.

---

स्त्रीरोग_नाशिकरोड
बुधवार, सकाळी ७:०५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं नाशिकरोडला. तुमची फाइल न बघता तुमच्याबद्दल निदान करणार नाही, पण त्या दोन शब्दांचा अर्थ नीट सांगते.

आधी ‘सूज’ हा शब्द बाजूला ठेवू, कारण ओपीडीत रोज त्याचा घोळ होतो. “डॉक्टर, पायाला सूज नाही, मग आत कशी?” पायात पाणी साचतं ती वेगळी गोष्ट. दाह म्हणजे शरीराचा बंदोबस्त. जंतू शिरले किंवा पेशी दुखावल्या की पांढऱ्या पेशी धावून येतात, रसायनं सोडतात, तिथलं ऊतक सैल आणि गरम होतं. काटा रुतल्यावर बोट ठणकतं तसंच, पण पिशवीच्या आत. तिथे ठणका लागेलच असं नाही.

आता गंमत बघा, नऊ महिने भरल्यावर होणारी साधी प्रसूतीसुद्धा मोठ्या प्रमाणात दाहाचीच प्रक्रिया आहे. दिवस भरत आले की पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडात पांढऱ्या पेशी जमतात, तिथलं कोलॅजन, म्हणजे घट्ट धागे, सैल होतं, प्रोस्टाग्लँडिन ही कळा आणणारी द्रव्यं वाढतात, कळा सुरू होतात. शरीराकडे प्रसूतीचं हेच यंत्र आहे. वेळेआधीच्या बाळंतपणात कित्येकदा हेच यंत्र चुकीच्या महिन्यात सुरू होतं.

ते सुरू कसं होतं? सगळ्यांत जास्त अभ्यास झालेली वाट म्हणजे खालून वर चढणारे जंतू. योनिमार्गात जंतू सगळ्यांनाच असतात, बहुतेक निरुपद्रवी, काही तर राखणदार. राखणदार कमी झाले किंवा पिशवीचं तोंड आखूड पडलं तर दुसरे वर सरकतात आणि आवरणापर्यंत पोचतात. आवरणाच्या पेशींवर जंतू ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ओळख पटली की इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशी संदेशद्रव्यं सुटतात. त्यांचे परिणाम एकाच वेळी तीन ठिकाणी दिसतात. प्रोस्टाग्लँडिन वाढून पिशवी आवळायला लागते. तोंड मऊ होतं. आणि कोलॅजन तोडणारी विकरं (एन्झाइम) आवरणाची वीण उसवतात. येवल्याची पैठणी हातात घेतलेल्याला मी असं सांगते: काठ एका जागी उसवला की पुढे ताणाने आपोआप उसवत जातो. ओट्याशी पाय भिजले त्याच्या आधीचे दोन दिवस बहुधा ही वीण उसवत होती. ‘ओलसर’ होतं ते थेंबथेंब गर्भजल असू शकतं.

आणखी एक. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पिशवीला शांत ठेवतं. दाह वाढला की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तेवढंच राहूनही पिशवीवरचा त्याचा अंमल कमी होतो. म्हणूनच गोळ्या चालू असूनही काहींना कळा येतात.

वेळेआधीच्या सगळ्या बाळंतपणांत पिशवीतल्या जंतुसंसर्गाचा वाटा साधारण २५ ते ४० टक्के धरतात. जितका आठवडा लहान, तितका तो वाटा मोठा. उरलेल्यांत उच्च रक्तदाब, जुळं, वारेमागचा रक्तस्राव अशी कारणं असतात. शिवाय जंतू नसतानाही दाह होतो. ताण पडलेल्या, मरणाऱ्या पेशी स्वतःच धोक्याची द्रव्यं सोडतात आणि शरीर तसाच बंदोबस्त लावतं.

पपईचं म्हणाल तर पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी आवरणात पांढऱ्या पेशी जमत नाहीत. स्कूटीनेही नाही. तुमच्या अहवालात पांढऱ्या पेशी दिसल्या आहेत, हे सासूबाईंना जरूर सांगा.

---

सातपूरचा_बाबा
बुधवार, सकाळी ९:४०

डॉक्टर, आमची बायको २२ आठवड्यांची आहे, पहिल्या वेळी ३४ ला झालं होतं. मग सगळ्यांनाच आधीपासून अँटिबायोटिकचा कोर्स का देत नाहीत? जंतूच मारून टाकले तर प्रश्नच मिटला.

---

स्त्रीरोग_नाशिकरोड
बुधवार, दुपारी २:२०

हा विचार आम्हा डॉक्टरांनाही इतका पटला होता की मोठ्या चाचण्या झाल्या. निकाल ऐका.

२००१ मध्ये ब्रिटनमधून ‘ओरॅकल’ नावाच्या चाचण्यांचे निकाल आले. ज्यांचं पाणी आधी गेलं होतं त्यांना एरिथ्रोमायसिनचा फायदा दिसला. म्हणून पाणी गेल्यावर आम्ही अँटिबायोटिक देतोच, गोदाकाठच्या ताईंनाही दिलं असेल. पण ज्यांना नुसत्या कळा होत्या, पाणी गेलं नव्हतं आणि संसर्गाची लक्षणं नव्हती, त्यांना काही उपयोग झाला नाही. त्याच मुलांना सात वर्षांनी तपासलं तेव्हा औषध दिलेल्या गटात सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) जास्त निघाली.

२०१८ मध्ये फ्रान्समधली चाचणी आली. योनिमार्गातले जंतू बिघडलेल्या, पण इतर धोका नसलेल्या गरोदर बायकांना लवकर क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं. वेळेआधीची बाळंतपणं कमी झाली नाहीत. असं का? एक शक्यता अशी की जंतू मेले तरी पेटलेला दाह लगेच विझत नाही. शिवाय औषध राखणदार जंतूही मारतं.

म्हणून कारण असेल तिथेच औषध, आणि तिथे मात्र पूर्ण कोर्स. लघवीचा संसर्ग हे असंच कारण आहे. गरोदरपणात कित्येकींना जळजळ न होताही लघवीत जंतू असतात, बहुतेक वेळा ई. कोलाय. तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर ताप, थंडी आणि कळा. म्हणून पहिल्या काही भेटींतच लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगतो. नुसती रूटीन तपासणी पुरत नाही. गोदाकाठची ताई, तुमच्या उन्हाळीमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण पुढच्या वेळी जळजळ झाली तर सब्जा घ्या आणि बाटलीही द्या.

तुमच्या बायकोसाठी: १८ ते २४ आठवड्यांत आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. आधीचं ३४ ला झालंय, तर हे याच आठवड्यात विचारा. २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर योनिमार्गातलं प्रोजेस्टेरॉन किंवा पिशवीच्या तोंडाला टाका, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

---

सातपूरचा_बाबा
बुधवार, दुपारी ३:०१

उद्याची वेळ घेतली. सीआरपी ही रक्ताची तपासणी पण करून घेऊ का? त्यात दाह कळतो म्हणे.

---

स्त्रीरोग_नाशिकरोड
बुधवार, दुपारी ३:१५

सीआरपी सर्दीनेही वाढतं. त्यावरून बाळ लवकर होईल की नाही हे सांगता येत नाही. पैसे वाचवा, लांबी मोजा.

---

धागा_संचालक
बुधवार, दुपारी ३:३०

चर्चा छान चालली आहे. एकच विनंती, स्वतःच्या औषधांचा डोस इथे विचारून बदलू नका.

---

कोवळी_बोटं
बुधवार, रात्री १०:४८

मी नवजात कक्षात स्टाफ नर्स आहे, आत्ताच ड्यूटी संपली. दवाखान्याचं नाव सांगणार नाही.

ताई, ‘फ्युनिसायटिस’ बघून घाबरला असाल म्हणून लिहिते. त्याचा अर्थ दाहाला बाळाच्या शरीरानेही प्रतिसाद दिला. अशा बाळांच्या फुप्फुसांवर आणि मेंदूवर आम्ही जास्त बारीक लक्ष ठेवतो. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही. तुमची लेक पालथी पडते, मान धरते हे फार चांगलं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली होती ना? ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची ती ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. ऐकू येण्याचीही तपासणी करा, आणि वाढीचे टप्पे मोजताना जन्मतारीख नाही, भरायची तारीख धरा.

आणखी एक गोष्ट मनाला लागते म्हणून सांगते. “सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही” असं आज्या अजून दारात उभं राहून म्हणतात. अगदी उलट आहे. पोटातला एकेक आठवडा बाळाला बळ देतो. माझ्या हाताखालून ३१ आठवड्यांची आणि ३४ आठवड्यांची बाळं जातात. ३१ चं बाळ श्वास घ्यायचं विसरतं, आम्ही तळपायाला हलकेच टिचकी मारून आठवण करून देतो. त्याची कातडी इतकी पातळ असते की चिकटपट्टी काढताना आधी ओला कापूस धरून बसते मी. ३४ चं बाळ बहुतेक वेळा वाटी-चमच्याने दूध घ्यायला लागतं.

आणि छातीशी धरणं. बाळ उघड्या अंगाने आईच्या किंवा बाबाच्या छातीवर, वरून साडी किंवा चादर बांधायची. २०२१ मध्ये पाच देशांतल्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच कांगारू पद्धतीने ठेवलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. बाळ स्थिर होईपर्यंत थांबायचं हा जुना नियम त्यानंतर बदलला.

---

गोदाकाठची
बुधवार, रात्री ११:२०

डोळ्यांची झाली होती, दोनदा. कानाची राहिली आहे, उद्या फोन करते.

तुमच्या टिचकीचं वाचून रडले. आमच्या सिस्टर तेच करायच्या आणि मला वाटायचं की त्या तिला उगाच का छळतात.

ते एक इंजेक्शन काय होतं? त्याचा उपयोग झाला का, की वेळच गेला?

---

स्त्रीरोग_नाशिकरोड
गुरुवार, सकाळी ६:५०

बहुधा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन. बाळाची फुप्फुसं पक्की व्हायला आईला देतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये याचा पहिला मोठा अभ्यास छापला, आणि तेव्हापासून अगणित बाळं त्यामुळे श्वास घेऊ शकली. डोस पूर्ण होऊन २४ तास मिळाले तर उत्तम. अर्धवट मिळाला तरी तो वाया जात नाही. ज्यांनी पाठवण्याआधी इंजेक्शन दिलं त्यांनी योग्य केलं.

बाळ पोटात असताना आईला हलवणं हे बाळ जन्मल्यावर पेटीत घालून हलवण्यापेक्षा केव्हाही बरं. द्वारकेला अडकलात तरी लेक सगळ्यांत चांगल्या पेटीत होती.

---

पेठची_आशा
गुरुवार, दुपारी १:१२

मी आशा कार्यकर्ती आहे, पेठ तालुक्यात. रेंज आली की लिहिते.

आमच्याकडे बायका भाताच्या लावणीला आठव्या महिन्यापर्यंत वाकतात. हंगामात द्राक्षबागेत दिंडोरी-निफाडला मजुरीला जातात. दिवसभर पाणी कमी पितात, कारण आडोसा नसतो. लघवी दाबून ठेवतात. उन्हाळी लागली तर सांगतही नाहीत, लाजतात. “पांढरं जातंय” हे तर नवऱ्यालाही सांगत नाहीत. घाण वास येतो का, हिरवट आहे का, हे मी एकटीला बाजूला घेऊन विचारते. घरात सगळ्यांसमोर विचारलं तर ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं.

कळा मी हाताने शिकवते. तिचा हात तिच्याच पोटावर ठेवायचा. पोट दगडासारखं झालं, मग मऊ पडलं, परत दगड झालं, की मोजायचं. तासात चार वेळा झालं तर मला फोन. कंबर दुखणं आणि कंबर ‘भरून येऊन सुटणं’ यातला फरक मी नुसता सांगून समजत नव्हता, हात ठेवल्यावर समजायला लागला.

आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर डेक्साचा पहिला डोस देऊनच १०८ मध्ये बसवतात, सरकारने ती परवानगी २०१४ मध्ये दिली आहे. सावळघाटातून नाशिकला पोचायला वेळ लागतो, तोवर औषधाचं काम सुरू. दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीचं शिबिर असतं, तिथे डॉक्टर फुकट बघतात. माझ्या एका बाईने तिथे नुसतं “कपडे ओले लागतात” एवढंच सांगितलं आणि तिचं बाळ वाचलं.

---

दंतवैद्य_कॉलेजरोड
गुरुवार, सायंकाळी ७:२५

हिरड्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. हिरड्यांचा जुनाट दाह असलेल्यांत वेळेआधीची बाळंतपणं जास्त दिसतात, हे १९९६ पासून मांडलं जातंय. मग गरोदरपणात हिरड्यांवर उपचार करून पाहिले. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ८०० हून अधिक बायकांच्या चाचणीत हिरड्या सुधारल्या, उपचार सुरक्षित ठरले, पण वेळेआधीची बाळंतपणं काही कमी झाली नाहीत. त्यामुळे दात साफ केले की बाळ वेळेवर होईल, असं वचन मी कुणाला देत नाही. रक्त येत असेल तर गरोदरपणातही बिनधास्त या, एवढंच.

मिश्रीबद्दल मात्र ठाम बोलतो. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्यांत, आणि त्यात मिश्रीच जास्त, बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होतं आणि वेळेआधी जन्माचं प्रमाण जास्त होतं. “दात घासायला लावते, खात नाही” असं मला आठवड्याला दोघी तरी सांगतात. हिरडीतून ती रक्तात जातेच.

---

उंबरठा
गुरुवार, रात्री ९:१०

डॉक्टर, माझ्या बहिणीला पहिलटकरीण म्हणून ऍस्पिरिन सुरू केलंय. तेही दाहासाठीच का? ती घाबरून घेत नाहीये.

---

स्त्रीरोग_नाशिकरोड
गुरुवार, रात्री ९:५५

कमी मात्रेतलं ऍस्पिरिन मुख्यतः रक्तदाबाच्या धोक्यासाठी आणि वारेचा रक्तपुरवठा चांगला राहावा म्हणून देतात. प्रोस्टाग्लँडिनच्या कुटुंबावरच ते काम करतं, त्यामुळे दाहाशी नातं आहेच. २०२० मध्ये सहा देशांतल्या जवळपास १२ हजार पहिलटकरणींची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात आपलं नागपूर आणि बेळगाव होतं. वेळेआधीची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली. फरक छोटा वाटतो, पण २०२० मध्ये एकट्या भारतात सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली, त्या हिशेबाने बघा. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर घेऊ दे. शेजारणीला सुरू झालं म्हणून कुणी स्वतःहून घेऊ नये.

---

सातपूरचा_बाबा
शुक्रवार, दुपारी १२:४०

लांबी ३१ मिलिमीटर आली. डॉक्टर म्हणाल्या दोन आठवड्यांनी परत बघू. हात पोटावर ठेवायचं मी घरी करून दाखवलं, आईही बघत होती.

---

गोदाकाठची
शनिवार, रात्री १०:३०

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री सासूबाईंना अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. लेक मांडीवर झोपली होती. पपईच्या ओळीपाशी मी थांबले, तर त्या म्हणाल्या, “वाच पुढे.” आशाताईंचं वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प होत्या. मग सांगितलं की त्यांच्या धाकट्या दिराच्या आधी एक मुलगा सातव्या महिन्यात होऊन गेला होता, आणि त्यावरून त्यांच्या सासूबाईंना त्यांच्या सासूने ‘पाटा ओलांडला’ म्हणून आयुष्यभर बोल लावला. मला लग्नाला सहा वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आज त्यांनीच पिंपळगावला फोन लावला. माझ्या धाकट्या जावेला चौथा महिना आहे. “तुझं लघवीचं कल्चर केलंय का?” असं सासूबाईंनी थेट विचारलं. नव्हतं केलं. ती उद्या इथे येते, सोमवारी तपासणी. मी मेडिकलमधून निर्जंतुक बाटली आणून ठेवली आहे. आधी पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडायची, मधली घ्यायची, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, हे तिला फोनवर दोनदा सांगितलं.

लेकीच्या कानाच्या तपासणीची वेळ बुधवारची मिळाली आहे.